जखमी बदकाची शुश्रूषा

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



पटनोंदणी, वाचनाचा पाया, गणिताची साधने अशा भारदस्त विषयांच्या रांगेत मी जखमी बदकाविषयी बोलावयास उभा राहिलो आहे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आपण जेथे शिकवतो त्या भागात तलाव आणि बोड्या पुष्कळ आहेत, धानाच्या बांध्यांत पावसाळाभर पाणी असते, आणि काही घरी चार-दोन बदके पाळलेली असतात. त्यांतील एखादे घरच्या मुलाचे लाडके होते. त्याला नाव मिळते. ते मुलाच्या मागे डुलत डुलत शाळेच्या फाटकापर्यंत येते. अशा बदकावर एखाद्या दिवशी कुत्रे, मुंगूस, रानमांजर किंवा कोल्हा झडप घालतो. घरातले मोठे माणूस म्हणते, "आता ते जगत नाही, कापून टाका." मूल ते रक्ताळलेले पाखरू फडक्यात गुंडाळते आणि धावत गुरुजींकडे किंवा बाईंकडे येते, कारण गावात आपले ऐकून घेईल असे तेवढेच एक माणूस त्याला ठाऊक असते. त्या वेळी शिक्षकाने काय करावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मुलाच्या अंगी दया असतेच. ती बहुधा आपल्याला शिकवावी लागत नाही. दयेने वागावे कसे, हे मात्र शिकवावे लागते. घाबरलेल्या पाखराला दहा मुले कुरवाळतात, त्याच्या चोचीत पाणी ओततात, जखमेत हळद दाबतात, आणि सर्वांच्या प्रेमाने ते पाखरू तासाभरात मरते. अशा दयेला ज्ञानाची आणि शिस्तीची जोड द्यावी लागते. ती जोड देण्याची संधी आपल्याला पाठ्यपुस्तकातून क्वचित मिळते. फडक्यात गुंडाळलेल्या बदकाच्या रूपाने ती आपल्या दारी चालून येते.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो, आणि बाकीचे सारे भाषण आपण विसरलात तरी एवढी विसरू नये अशी विनंती करतो. बदकाची जखम पाहण्यापूर्वी मुलाचे हातपाय पाहावेत. कुत्र्याच्या तोंडातून बदक सोडवू पाहणाऱ्या मुलाला दाताचा किंवा नखाचा ओरखडा पुष्कळदा लागलेला असतो, आणि मूल तो लपवते. घरच्या माराची भीती असते, सुईची त्याहून अधिक असते. म्हणून दरडावून विचारू नये. जवळ बसवावे आणि हळूच विचारावे, "तुला कुठे लागले का रे?" ओरखडा लहानसा असला तरी तो साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावा. घड्याळ लावून धुवावा. कारण पंधरा मिनिटे आपल्याला वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. त्यावर चुना, तिखट, हळद, तेल काहीही लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये, आणि पालकांना बोलावून मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. कुत्रा, मांजर, मुंगूस, कोल्हा यांपैकी कोणाच्याही लाळेतून रेबीज होऊ शकतो. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचत नाही असेच समजावे; परंतु लक्षणांपूर्वी लस वेळेवर व पूर्ण घेतली तर हा रोग टाळता येतो. मुलाच्या हातावर आधीची उघडी जखम असेल आणि तिला त्या श्वापदाची लाळ लागली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. कुत्रा गावातला, ओळखीचा आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. पुढील मात्रांच्या तारखा आपल्या टिपणवहीत लिहून ठेवाव्यात. कारण पहिली सुई सारे घेतात, शेवटची राहून जाते.

६ जुलै १८८५ रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली ही लस ज्याला प्रथम दिली गेली, तो जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलाएवढा. ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. सुईला भिणाऱ्या मुलाला त्याच्याच वयाचा सोबती इतिहासातून मिळाला की त्याचा धीर वाढतो.

मुलाची व्यवस्था लागली की बदकाकडे वळावे. येथे आपल्याला पक्ष्याच्या शरीराची थोडी माहिती हवी. मनुष्याच्या छातीत श्वासपटल असते. पक्ष्याला तसे नसते. छातीचे हाड पुढेमागे हलवूनच तो श्वास घेतो. म्हणून प्रेमाने का होईना, छाती आवळून धरलेले बदक गुदमरते. त्याला पायांना धरून उलटे लोंबकळत ठेवू नये, पंखांना धरून उचलू नये. दोन्ही पंख अंगाशी मिटवून, एक हात पोटाखाली घालून, त्याला काखेत सैलसर धरावे. बदकाच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सियस असते. तेव्हा हाताला ऊन लागले म्हणून ताप आहे असे मानू नये. उलट पाय थंडगार पडले असतील, डोळे अर्धे मिटत असतील, मान सांभाळता येत नसेल, तर ते धक्क्याचे लक्षण होय. जखमेने मरतात तितकीच पाखरे भीतीने, थंडीने आणि रक्तस्रावाने मरतात, हे ध्यानात ठेवावे.

दोन किलो वजनाच्या बदकाच्या अंगात सारे मिळून दीडशे ते दोनशे मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाचे जेमतेम दोन पेले. त्यामुळे आपल्याला किरकोळ वाटणारा रक्तस्रावही त्याला जड जातो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर ठेवून पाच मिनिटे सतत हलकेच दाबून धरावे. मधूनमधून उचलून पाहू नये; प्रत्येक वेळी उचलण्याने धरू लागलेली खपली सुटते. नखाच्या टोकातून रक्त येत असेल तर गव्हाचे पीठ चिमटीने दाबावे. उघड्या जखमेत मात्र पीठ भरू नये.

रक्त थांबले की एक पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्याला बाजूंनी भोके पाडावीत, तळाशी जुने सुती कापड अंथरावे, आणि बदकाला त्यात ठेवून ते शांत, अंधाऱ्या जागी न्यावे. थंडीचे दिवस असतील तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे ऊब नको झाली तर बदकाला दुसरीकडे सरकता येते. उन्हाळ्यात बाटलीची गरज नाही. चोच उघडून ते धापा टाकू लागले तर खोके अधिक गार जागी न्यावे. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरापासून हे खोके दूर असावे, आणि बदकाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. मग तासभर त्याला एकटे सोडावे. हा एक तास मुलांना सर्वांत कठीण जातो. खोक्याभोवती गर्दी न करता बाहेर गप्प बसणे हीसुद्धा सेवा आहे, हे त्यांना प्रथमच कळत असते.

त्यानंतर जखम धुवावी. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे आणि त्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा चमचा सपाट भरून दीड चमचा, विरघळवावे. या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने माती, रक्त व चिकटलेली पिसे हळूहळू सोडवावीत. तुटलेली पिसे ओढून काढू नयेत. मुळापासून उपटलेले पीस काही आठवड्यांत पुन्हा येते, पण अर्धे तुटलेले पीस पुढची पिसे झडण्याचा हंगाम येईपर्यंत तसेच राहते. पोव्हिडोन आयोडीनचे औषध मिळाले तर ते पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. एक सावधगिरी मात्र हवी. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि पंखाचे वरचे हाडही पोकळ असून त्या पिशव्यांशी जोडलेले असते. म्हणून पोटाच्या, छातीच्या किंवा पंखाच्या मुळाशी असलेल्या खोल जखमेत पिचकारीने पाणी मारू नये. ते थेट श्वासमार्गात उतरू शकते. अशी जखम फक्त पुसावी, ओल्या स्वच्छ कापडाने झाकावी आणि बदकाला दवाखान्यात न्यावे.

आता आपल्याकडील घरगुती उपायांविषयी स्पष्ट बोलतो. रॉकेल, फिनेल आणि तंबाखू विषारी आहेत. चुन्याने कातडी भाजते. राख आणि हळदीची पूड खोल जखमेत साचून आत घाण कोंडते. तेल किंवा तेलकट मलम पिसांना लागले की पिसांचा ऊब राखण्याचा आणि पाणी झटकण्याचा गुण जातो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाचा अंश मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेला आणि आपल्या देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. त्यामुळे २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधाचे उत्पादन बंद करण्याचा आदेश सरकारला काढावा लागला. माणसाला सोसणारे औषध पक्ष्याला सोसेलच असे नाही, याचा याहून मोठा धडा कोणता?

यापुढचा मुद्दा न दिसणाऱ्या जखमेचा. कुत्रा बदकाला तोंडात धरून झटकतो, त्यामुळे बाहेरून चारच पिसे विस्कटलेली दिसली तरी आत मांस चेंगरलेले असू शकते. कातडीखाली हवा भरून ती फुगली असेल आणि बोटाखाली कुरकुर लागत असेल, तर हवेची पिशवी फाटली आहे असे समजावे. मांजराचा दात सुईसारखा बारीक. त्याची जखम वरून लगेच मिटते आणि जंतू आत राहतात. पुष्कळ निरोगी मांजरांच्या व कुत्र्यांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. हे नाव त्याच पाश्चर यांच्यावरून पडले आहे. कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या या जंतूंवर त्यांनी १८७९-८० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतूनच लस तयार करण्याची नवी वाट सापडली. हे जंतू रक्तात पसरले तर पाखरू एक-दोन दिवसांतच दगावते. म्हणून जखम क्षुल्लक दिसली तरी श्वापदाच्या दाताचा संशय येताच बदकाला त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, किंवा १९६२ या क्रमांकावर विचारणा करावी. जंतुनाशक औषध कोणते, किती आणि किती दिवस, हे पशुवैद्यानेच ठरवावयाचे. घरात उरलेली कॅप्सूल फोडून देणे हा उपचार नव्हे. पंख लोंबत असेल तरीही उशीर करू नये. पक्ष्याची हाडे फार लवकर सांधतात, त्यामुळे वाकडी राहिली तर तशीच सांधतात. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस त्या बदकाची अंडी खाऊ नयेत, हेही पशुवैद्यांना विचारून पालकांना कळवावे.

दवाखान्यातून परतल्यावर खरी शुश्रूषा सुरू होते, आणि तेथेच शाळेचे काम आहे. चोचीत पाणी कधी ओतू नये. श्वासाचे द्वार जिभेच्या मुळाशीच उघडते, त्यामुळे पाणी फुप्फुसात जाते. नाकपुड्या बुडतील इतके खोल भांडे समोर ठेवावे, म्हणजे ते आपण होऊन पिते आणि नाक-डोळे धुऊन घेते. पहिल्या दिवशी त्या पाण्यात जलसंजीवनी घातली तर चालते. अन्न म्हणून भिजवलेल्या कण्या, धानाचा ताजा कोंडा, उकडलेले वाटाणे द्यावेत. बुरसटलेली शेंगदाण्याची पेंड कदापि देऊ नये. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशाच बुरशीच्या विषाने हजारो टर्की पक्षी मेले, आणि बदकांची पिले त्या विषाला फारच लवकर बळी पडतात. जखम भरेपर्यंत बदकाला तलावात सोडू नये. माशी हा या दिवसांतला मोठा शत्रू आहे. ती जखमेवर अंडी घालते आणि दिवसाच्या आत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचे कापड बांधावे, तळाचे अंथरूण रोज बदलावे आणि जखम सकाळ-संध्याकाळ पाहावी. इतर बदके जखमेला टोचतात म्हणून त्याला वेगळे ठेवावे. परंतु बदक हा कळपात राहणारा पक्षी असल्याने जाळीपलीकडे एखादा सोबती दिसेल, त्याचा आवाज ऐकू येईल, अशी सोय करावी. वरवरची जखम साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत भरून येते.

या दोन-तीन आठवड्यांत मुलांकडून एक साधी नोंदवही ठेवून घ्यावी. रोज ठरलेल्या वेळी वजन करावे, किती खाल्ले ते लिहावे, जखमेचा रंग आणि विष्ठेचा रंग लिहावा. विष्ठा गर्द हिरवी दिसू लागली तर पाखराच्या पोटात अन्न जात नाही, असे बहुधा निघते. दोन-दोन मुलांच्या पाळ्या लावाव्यात आणि पाळी चुकवणाऱ्याला त्याची आठवण द्यावी. वजनाच्या आकड्यांत गणित आहे, नोंदीत लेखन आहे, निरीक्षणात विज्ञान आहे. परंतु त्याहून मोलाचे म्हणजे पहिल्या दिवशीचा उमाळा ओसरल्यावर अकराव्या दिवशी अंथरूण बदलावयास येणारे मूल. राज्यघटनेत १९७६ साली समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हेही एक कर्तव्य आहे. त्या कर्तव्याचा अर्थ फळ्यावर लिहून जितका कळेल, त्यापेक्षा अकराव्या दिवशी अधिक कळेल.

बदक सावरू लागले की मुलांच्या मनात दुसरी भावना उठते, ती सूडाची. मुंगसाचे बीळ बुजवावे, कोल्ह्याला फास लावावा, विष ठेवावे, असे बेत सुरू होतात. येथे शिक्षकाने ठाम राहावे. मुंगूस, कोल्हा, रानमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि विष ठेवले तर ते गावची कुत्री, गुरे आणि कधी मूलही खाते. पण नुसता कायद्याचा धाक पुरेसा नाही. मुलांना विचार करावयास लावावा. मुंगूस शेतातले उंदीरही खातो आणि सापही. त्याला भूक आहे, वैर नाही. दोष असलाच तर तो खुराड्याच्या उघड्या राहिलेल्या दारात शोधावा. मुलांना घेऊन ते खुराडे पाहावे. कोंबड्यांची पातळ जाळी पाखराला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तेथे जाड तारेची, अर्ध्या इंचाच्या चौकटीची जाळी हवी. ती जमिनीत फूटभर पुरावी, म्हणजे उकरून आत येता येत नाही. मुंगूस दिवसा हिंडतो, कोल्हा आणि रानमांजर बहुधा तिन्हीसांजेपासून. तेव्हा संध्याकाळी दार लावणे जितके अगत्याचे, तितकेच दिवसा भोके बुजवणेही. बदके बहुतेक अंडी पहाटे आणि सकाळीच घालतात. म्हणून त्यांना नऊच्या सुमारास बाहेर सोडले तर अंडीही हाती लागतात आणि पहाटेची शिकारही टळते. एका दुपारी अशी जाळी बसवण्यात जी समजूत येते ती उपदेशाने येत नाही.

शेवटी अप्रिय गोष्टही सांगावयास हवी. सर्व काही यथास्थित केले तरी काही बदके मरतात. अशा वेळी "ते उडून गेले" असे मुलाला सांगू नये. मूल फसत नाही, फक्त आपल्यावरचा विश्वास गमावते. जे झाले ते साध्या शब्दांत सांगावे, त्याने काय काय केले ते नोंदवहीतून त्याला वाचून दाखवावे, आणि विहिरीपासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल खड्डा करून त्या पाखराला पुरावे. वेदना असह्य आणि आशा उरलेली नाही असे पशुवैद्याने सांगितले, तर ती वेदना थांबवणे हाही दयेचाच भाग आहे, हे मोठ्या मुलांना समजू शकते. मात्र अंगावर जखम नसताना बदके-कोंबड्या एकामागून एक मरू लागल्या, तर मुलांना तेथे जाऊही देऊ नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. भारतातील पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, फेब्रुवारी २००६ मध्ये आढळला, हे आपण विसरू नये. कोठे हात पुढे करावा आणि कोठे मागे घ्यावा, हा विवेकही दयेच्या शिक्षणातच मोडतो.

बंधुभगिनींनो, यासाठी शाळेला अनुदान लागत नाही. एक खोके, मीठ, साबण, स्वच्छ फडकी, घड्याळ, आणि दवाखान्याचा व आरोग्य केंद्राचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला, एवढी सामग्री आपल्या प्रत्येक शाळेत येत्या आठवड्यात जमवता येईल. ती जमवावी, आणि मधल्या सुट्टीत मुलांना ती कशासाठी आहे ते एकदा दाखवावे, एवढीच माझी विनंती.